साडेतीन टक्के आणि दहा लाख गासड्या

फेब्रुवारी १८९६ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळाने कापडावरच्या जकातीचा एक कायदा मंजूर केला. विलायतेहून येणाऱ्या विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के आयात जकात, आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर. सूत दोन्हीकडचे माफ, हातमागही माफ. कागदावर वाचले तर कुणालाही तो रास्त वाटावा. पण मुंबईच्या गिरण्यांतून निघणारे जाडेभरडे कापड आणि लँकेशायरचे तलम धोतर एका गिऱ्हाइकासाठी विणले जात नव्हतेच. शेतात राबणाऱ्या माणसाला जे कापड परवडत होते ते मँचेस्टर बनवतही नव्हते. तरी त्याच्यावर कर बसला, कारण जकातीचा कणभरही फायदा मुंबईला मिळता कामा नये असे सहा हजार मैलांवरच्या एका प्रांताचे म्हणणे होते. हा कर पुढे जवळपास तीस वर्षे टिकला.

खुल्या व्यापाराचे तत्त्व खोटे होते असे मला म्हणायचे नाही. दूरदेशीच्या दोन मुलखांनी एकमेकांच्या मालाला वाट द्यावी, यात दोघांचेही भले असू शकते. मात्र त्यासाठी टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसावी लागतात. मुंबई आणि लँकेशायर यांच्यामधल्या व्यापारात १८७४ पासून पुढची कित्येक दशके दोन्ही खुर्च्यांवर एकाच घरची माणसे बसली होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची सूतगिरणी सुरू झाली. यंत्रे इंग्लंडचीच होती. पुढच्याच वर्षी उठाव झाला. तो मोडून काढण्याच्या खर्चाने सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा आयात जकात वाढवून १० टक्क्यांपर्यंत नेली गेली. तिजोरी सावरायला लंडनहून जेम्स विल्सन आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे संस्थापक आणि खुल्या व्यापाराचे कडवे पुरस्कर्ते. त्यांनी इथे प्राप्तिकर आणला आणि १८६० च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यातच त्यांचा अंत झाला. १८६२ पर्यंत कापडावरची जकात ५ टक्के आणि सुतावरची साडेतीन टक्के अशी खाली आली. ती होती निव्वळ उत्पन्नासाठी. मुंबईच्या गिरण्यांना आडोसा द्यावा, असा विचार त्यामागे कुणाच्या मनात नव्हता.

१८७४ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, की या जकातीने मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळते, सबब ती रद्द व्हावी. पार्लमेंटात लँकेशायरच्या जागा भरपूर होत्या आणि कुठल्याही पक्षाला त्या सोडून चालणार नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांची अडचण वेगळी होती: हे उत्पन्न सोडले तर भरपाई कुठून करायची? त्यांनी १८७५ च्या कायद्यात जकात कायम ठेवली, पण सोबत एक कलम घातले. बाहेरून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसावर ५ टक्के जकात. इजिप्तचा किंवा अमेरिकेचा कापूस आणून मुंबईने तलम सूत काढू नये, एवढ्यासाठीच ती होती. एवढ्यानेही लंडनला समाधान वाटले नाही. भारतमंत्री लॉर्ड सॉलिसबरी जकात काढण्याबद्दल अडून बसले. नॉर्थब्रुक यांनी राजीनामा दिला आणि १८७६ मध्ये लॉर्ड लिटन आले.

इथे सुताच्या नंबराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढची सगळी भांडणे या नंबरांवरून झाली. ८४० वारांची एक लड. एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरी सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार, ३० नंबरी म्हणजे २५,२०० वार. नंबर जितका चढा तितके सूत बारीक. वऱ्हाड-खानदेशच्या आखूड धाग्याच्या कापसातून साधारण २० नंबरापर्यंतचेच सूत नीट निघे. त्यापुढे ताणले की तुटे. मुंबईच्या गिरण्यांचे बहुतेक सूत म्हणूनच २० च्या आतले होते आणि लँकेशायरचा खरा धंदा त्याच्या वरचा होता. दोघांची भांडणे व्हावीत असा मुलूख म्हणजे मधोमध एक अरुंद पट्टा तेवढा होता.

जुलै १८७७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला, की ही जकात संरक्षक स्वरूपाची आहे आणि हिंदुस्थानची आर्थिक स्थिती परवानगी देईल तेव्हा ती विनाविलंब काढावी. त्या वेळी दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. पाठोपाठ अफगाण युद्ध सुरू झाले. आर्थिक स्थिती कसली परवानगी देणार? तरी मार्च १८७९ मध्ये लिटन यांनी ३० नंबरापेक्षा बारीक सूत नसलेल्या सगळ्या कोऱ्या कापडावरची जकात काढून टाकली. त्यांच्या स्वतःच्या कार्यकारी मंडळातले बहुमत विरोधात होते. कारभारात अशा तऱ्हेने मतभेद झाल्यास वापरायचा व्हाइसरॉयचा विशेष अधिकार त्यांनी वापरला आणि बहुमत बाजूला सारले. मंडळातले ते विरोधक इंग्रजच होते, हे इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. हिंदुस्थानच्या तिजोरीच्या बाजूने बोलणारी माणसे सरकारातही होती.

मग जे व्हायचे ते झाले. लँकेशायरच्या गिरण्या जकातमाफीच्या मर्यादेत बसेल असे कापड विणू लागल्या आणि त्याहून बारीक, जकात भरणारा माल मागे पडला. उत्पन्न घटले. आता एवढ्याशा उत्पन्नासाठी ही कटकट ठेवायची तरी कशाला, असा युक्तिवाद पुढे आला आणि १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, एव्हलिन बेअरिंग अर्थसदस्य असताना, मीठ आणि मद्यासारखे मोजके जिन्नस वगळता बहुतेक सगळी आयात जकात रद्द झाली. बारा वर्षे हिंदुस्थानची बंदरे जगातल्या कुठल्याही देशापेक्षा मोकळी होती म्हटले तरी चालेल. ज्या काळात जर्मनी, अमेरिका आणि फ्रान्स आपापल्या जकातीच्या भिंती उंचावत होते, त्याच काळात.

याच सुमारास लँकेशायरने कारखाना कायद्याचाही आग्रह धरला होता. मुंबईचे कामगार फार तास राबतात म्हणून माल स्वस्त पडतो, ही त्यांची तक्रार. तिच्यामागचा स्वार्थ उघड होता. पण तास खरोखरच अमानुष होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज पुढे केला, तो काही मँचेस्टरच्या सांगण्यावरून नव्हे. आठवड्याची एक सुट्टी हवी, दुपारी जेवायला वेळ हवा, एवढे साधे मागणे होते. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. गिरणीमालकांची बाजू ती सगळ्या देशाची बाजू, असे समजणाऱ्यांनी लोखंड्यांचा अर्ज विसरू नये.

पुण्यात या प्रश्नावर विचार चालू होता तो अधिक खोल. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडात शिकवले जाणारे अर्थशास्त्राचे नियम हे सर्व काळी, सर्व देशी लागू पडणारे सृष्टिनियम नव्हेत, असे त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञांचा हवाला देत मांडले. एखाद्या देशाने आपला उद्योग उभा राहीपर्यंत त्याला हात द्यावा की नाही, हे त्या देशाच्या परिस्थितीवरून ठरेल. रानड्यांची भाषा शांत आहे. आज वाचतानाही तिच्यातला ठामपणा जाणवतो.

१८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. रुपया घसरत चालला होता आणि इंग्लंडला पौंडांत द्यायच्या रकमांचा बोजा दरसाल वाढत होता. याचा फटका मुंबईला भलत्याच बाजूने बसला. मुंबईचे सूत चीनला जात असे आणि चीनचा व्यवहार चांदीत. रुपया चांदीपासून तुटल्यावर चिनी गिऱ्हाइकाला ते महाग पडू लागले आणि तिथे जपानी सूत शिरू लागले. त्याच वर्षी जमशेटजी टाटांच्या खटपटीने जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीची मुंबई ते कोबे अशी नियमित जहाजे सुरू झाली. पी अँड ओ कंपनीच्या भाड्याला तो उतारा होता. त्या जहाजांतून आपला कापूस जपानला जाऊ लागला. या गासड्यांचा पुढच्या गोष्टीशी थेट संबंध आहे.

तिजोरीत तूट आल्यामुळे मार्च १८९४ मध्ये ५ टक्के आयात जकात पुन्हा बसली, फक्त कापड आणि सूत तेवढे वगळून. देशभर ओरड झाली. डिसेंबरमध्ये कापडावरही ५ टक्के बसली, पण तिच्याबरोबर हिंदी गिरण्यांच्या २० नंबरापेक्षा बारीक सुतावर ५ टक्के उत्पादन कर आला. मद्रासला भरलेल्या काँग्रेसने या कराचा निषेध केला. मँचेस्टरनेही निषेध केला, उलट्या कारणासाठी: २० च्या आतले सूत मोकळे सोडलेत, म्हणजे संरक्षण राहिलेच. १८९५ मध्ये इंग्लंडात निवडणुका होऊन सरकार बदलले, लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन भारतमंत्री झाले आणि लेखाच्या आरंभी सांगितलेला कायदा त्यातून जन्माला आला. विलायती कापडाची जकात पाचावरून साडेतीनवर उतरली. मुंबईच्या जाड्याभरड्या कापडावर तोवर काहीच नव्हते, तिथे साडेतीन टक्के चढले. शंभर रुपयांच्या मालावर एकाला दीड रुपयाची सूट आणि दुसऱ्याला साडेतीन रुपयांचा नवा भार. हा सारा हिशोब ज्यांनी केला त्यांना महसूल वाढवायचाच नव्हता. तो त्यांनी कमी करून घेतला.

महाराष्ट्रात याची प्रतिक्रिया लगेच उमटली. टिळक तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी विलायती कापडावर बहिष्काराची मोहीम उघडली आणि पुण्यात व इतर गावांत विद्यार्थ्यांनी परदेशी कपडे जाळले. बंगालच्या फाळणीनंतरची होळी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या नऊ वर्षे आधीची ही होळी कराच्या एका कलमातून पेटली होती. पण त्याच वर्षी पाऊस फसला, सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला, गिरण्यांतली माणसे गावी पळाली आणि कापडाचा प्रश्न मागे पडला.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो मागे पडू दिला नाही. १९०२ च्या त्यांच्या पहिल्या अर्थसंकल्पी भाषणात मिठावरच्या कराबरोबर या उत्पादन कराचाही समाचार आहे. मला गोखल्यांचे १९११ मधले मत अधिक मोलाचे वाटते. उद्योगांना संरक्षण द्यायचे तर योग्य संरक्षण आणि अयोग्य संरक्षण यांत फरक करावा लागेल. सत्ता आपल्या हाती नसताना संरक्षणाचा फायदा भलत्यांच्या पदरात पडेल आणि किंमत गरीब गिऱ्हाईक मोजेल, अशी त्यांची धास्ती होती. स्वदेशीच्या लाटेत गिरणीमालकांनी धोतरांचे भाव कसे चढवले, हे त्यांच्या पिढीने पाहिले होते.

कर सैल झाला तो युद्धामुळे. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड देऊ केले. ते उभारायचे तर विलायती कापडावरची जकात साडेतीनवरून साडेसात टक्के करणे भाग होते आणि उत्पादन कर मात्र साडेतीनवरच राहिला. लँकेशायरने आकांत केला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन बधले नाहीत. दहा कोटी पौंड घ्यायचे असतील तर जकात सोसावी लागेल, हे पार्लमेंटलाही मान्य करावे लागले. त्यानंतर आपली जकात हिंदुस्थानने ठरवावी, असा संकेत रूढ होत गेला आणि मुंबईचे इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने निवडक उद्योगांना संरक्षण देण्याचे धोरण १९२२ मध्ये सुचवले.

उत्पादन कराचा शेवट गिरणगावाने घडवला. १९२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. रोजचे वाण्याचे देणे थकले, कित्येक जण कोकणातल्या, घाटावरल्या आपल्या गावी परतले, आणि उरलेल्यांनी खोल्याखोल्यांतून तीन महिने दिवस काढले. मालक म्हणत, कर काढा, आम्ही कपात मागे घेतो. १ डिसेंबरला व्हाइसरॉयने वटहुकूम काढून कर स्थगित केला. मालकांनी शब्द पाळला, भोंगे पुन्हा वाजू लागले. १९२६ मध्ये कर कायमचा रद्द झाला. ज्या कराविरुद्ध रानडे, टिळक, गोखले यांच्या पिढीने तीस वर्षे लिहिले-बोलले, तो उपाशी राहिलेल्या कामगारांनी शेवटी खाली ओढला. इतिहासाच्या पुस्तकांत हे श्रेय त्यांच्या वाट्याला क्वचितच येते.

तोवर लढाईचे मैदानच बदलले होते. महायुद्धाआधी लँकेशायरहून वर्षाला सुमारे ३०० कोटी वार कापड येत असे. १९३२-३३ मध्ये ते ६० कोटी वारांच्या आसपास उरले आणि जपान जवळपास त्याच्या बरोबरीला आला. येन घसरला होता, जपानी गिरण्या कार्यक्षम होत्या, माल कमालीचा स्वस्त. सरकारने जपानबरोबरचा १९०४ चा व्यापारी करार संपवण्याची नोटीस दिली आणि जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानच्या सूतगिरण्यांनी तात्काळ उत्तर दिले: हिंदी कापूस घ्यायचा नाही.

हा घाव मुंबईला लागला नाही, तो अमरावती, अकोला, जळगाव या बाजूंना लागला. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. मंदीने भाव आधीच कोसळलेले. मागे कर्ज, पुढे सावकार, आणि आता जिनासमोर गाड्या उभ्या करून घेणाराच नाही म्हटल्यावर शेतकऱ्याने करायचे काय? जकात वाढवताना गिरणीमालकांचा विचार झाला होता. कापूस पिकवणाऱ्याचा विचार करायला जपानी बहिष्काराने भाग पाडले.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमल्याला बोलणी सुरू झाली. जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख सेत्सुझो सावादा होते आणि त्यांच्यासमोर व्यापारसदस्य सर जोसेफ भोर. भोर नाशिकचे, पुण्यात शिकलेले, रानड्यांनी व्याख्यान दिले त्याच डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पुढे आरोग्यसेवेवरच्या भोर समितीमुळे त्यांचे नाव राहिले. या वाटाघाटींतली त्यांची कामगिरी मात्र विस्मरणात गेली. त्यांच्या हाती एक हुकमी पान होते. जपानला कापूस दुसरीकडे मिळाला असता, पण इतका स्वस्त नव्हे, आणि कापडाला हिंदुस्थानएवढा बाजार दुसरा नव्हता. कापूस घ्याल तेवढे कापड आणा, असा सौदा उभा राहिला.

याच काळात लँकेशायरचेही शिष्टमंडळ मुंबईत आले. मुंबई गिरणीमालक संघाचे एच. पी. मोदी आणि सर विल्यम क्लेअर-लीज यांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये करार केला: विलायती कापडाला जकातीत सवलत, बदल्यात लँकेशायर हिंदी कापूस अधिक वापरण्याचा प्रयत्न करील. अहमदाबादचे मालक या करारातून अलग झाले आणि मोदींवर देशद्रोहापर्यंतचे आरोप झाले. आरोप अतिरेकी होते. पण साठ वर्षे ज्याने अर्ज करून मुंबईवर कर लादवून घेतले, त्या लँकेशायरला मुंबईच्या गिरणीमालकासमोर बसून सवलत मागावी लागली, ही गोष्ट १८९६ मध्ये कुणी सांगितली असती तर खरी वाटली नसती.

जपानशी तडजोड जानेवारी १९३४ मध्ये झाली. जपानने वर्षाला १० लाख गासड्या कापूस घ्यावा, त्यावर ३२.५ कोटी वार कापड आणावे. जास्त कापूस घेतला तर दर १०,००० गासड्यांमागे १५ लाख वार जादा. कमाल मर्यादा १५ लाख गासड्या आणि ४० कोटी वार. जकात ७५ वरून ५० टक्के. कोरे, काठाचे, धुवट आणि रंगीत अशा प्रत्येक जातीच्या कापडाचा वाटा टक्केवारीने ठरला. अशी कलमे वाचायला रुक्ष वाटतात, पण मला त्यांत खानदेशातल्या शेतकऱ्याची गाडी दिसते, कारण तिच्याशिवाय ओसाकाच्या एका वारालाही आता वाट नव्हती. सह्या जुलैमध्ये झाल्या, त्याही लंडनला. परराष्ट्राशी करार करण्याचा अधिकार अजून दिल्लीकडे आलेला नव्हता.

हातमागवाल्याला या टेबलावर खुर्ची मिळाली नाही. त्याचे नुकसान होत राहिले. जपानने कराराच्या कलमांतली फट शोधली: कापडाचे तुकडे कोट्यात मोजले जात नव्हते, तेव्हा तुकड्यांची आयात फुगली. १९३७ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा तुकड्यांनाही मर्यादा घालावी लागली, आणि ब्रह्मदेश वेगळा झाल्यामुळे मूळ कोटा २८.३ कोटी वारांवर आला.

‘कापूस घ्याल तेवढे कापड’ हे सूत्र मग ब्रिटनलाही लावले गेले. मार्च १९३९ च्या भारत-ब्रिटन करारात लँकेशायरने किती गासड्या घेतल्या त्यावर त्याच्या कापडाची जकात वरखाली व्हायची होती. मध्यवर्ती कायदेमंडळाने हा करार फेटाळला. व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो तरीही लागू केला. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. जुलै १९४१ मध्ये जपानची मालमत्ता गोठवण्यात आली आणि कोबेची वाट बंद झाली. आखूड धाग्याचा कापूस वऱ्हाडात पडून राहू लागला, आणि पुढच्या वर्षापासून सरकार शेतकऱ्यांना सांगू लागले की कपाशी कमी करा, धान्य पेरा.